जागतिक रॅलीचे जगज्जेते : यादीत नाव एकाचं, गाडीत माणसं दोन

सह्यवळण (धागाकर्ता)

नोव्हेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियात मोसमातली शेवटची रॅली झाली आणि सेबास्तियाँ ओजिएने नववं विश्वविजेतेपद पटकावलं. एल्फिन एव्हान्सच्या पुढे फक्त ४ गुणांनी. सेबास्तियाँ लोबच्या नऊ विजेतेपदांशी बरोबरी झाली, आणि तेव्हापासून जिथे पाहावं तिथे एकच वाद चालू आहे : लोब मोठा की ओजिए. वाद रंगणारच, दोघेही त्या तोलाचे आहेत. पण या सगळ्या चर्चेत एक नाव मला शोधूनही सापडेना, म्हणून हा धागा.

ते नाव दानिएल एलेना. मोनॅकोचा माणूस. २००४ ते २०१२ अशी सलग नऊ वर्षं लोब जगज्जेता झाला, त्या नऊही वर्षी शेजारच्या सीटवर मांडीवर वही घेऊन एलेना बसलेला होता. ओजिएची पहिली आठ विजेतेपदं ज्युलियाँ इंग्रासियाबरोबरची आहेत आणि नववं व्हँसाँ लांदेबरोबरचं. म्हणजे ड्रायव्हरांच्या विक्रमात आता दोन वाटेकरी झाले, पण नऊ विजेतेपदं नावावर असलेला को-ड्रायव्हर जगात अजूनही एकच आहे. ही बातमी कुठे छापून आलेली मी तरी पाहिली नाही.

रॅली फारशी न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. फॉर्म्युला वनसारखे इथे सगळे एकदम सुटत नाहीत. एरवी तुमच्याआमच्यासाठी असलेला रस्ता काही तासांसाठी बंद करतात, त्यावरच्या ठरावीक तुकड्याला स्टेज म्हणतात, आणि एकेक गाडी काही मिनिटांच्या अंतराने सोडतात. लढाई घड्याळाशी. सर्किटवर ड्रायव्हर तेच वळण साठ-सत्तर वेळा घेतो. रॅलीत शर्यतीआधी प्रत्येक स्टेजवरून फक्त दोनदा जायला मिळतं, तेही साध्या गाडीतून आणि वेगमर्यादा पाळून. याला रेकी म्हणतात. पहिल्या फेरीत ड्रायव्हर रस्ता पाहत वळणं बोलत जातो आणि को-ड्रायव्हर लिहून घेतो, दुसऱ्या फेरीत को-ड्रायव्हर वाचतो आणि दोघं मिळून दुरुस्त्या करतात. त्यातून तयार होतात त्या पेस नोट्स. पुढे सगळी भिस्त त्या वहीवर.

नोट कशी असते? मराठीत आणायची तर काहीशी अशी : "शंभर, डावं पाच, टेकाडावरून, लगेच उजवं तीन, आवळतं, आत कापू नको." शंभर म्हणजे मीटर. आकडा वळणाचा. बऱ्याच जणांच्या पद्धतीत सहा म्हणजे जवळजवळ सरळ आणि एक म्हणजे केसाच्या पिनेसारखं, काही जण उलटं मोजतात. "आवळतं" म्हणजे आत शिरल्यावर वळण आणखी तीव्र होतंय. "कापू नको" म्हणजे आतल्या कडेला दगड किंवा चर आहे. आणि हे सगळं वेळेवर सांगायचं. उशीर झाला तर खड्ड्यात. लवकर सांगितलं तर ड्रायव्हरच्या डोक्यात दोन वळणांची सरमिसळ होते. कसारा घाट दाट धुक्यात पूर्ण वेगाने उतरायचा आणि शेजारच्याने नुसत्या वहीवरून वळणं सांगायची, असा प्रकार आहे. फिनलंडमध्ये ओउनिनपोह्या नावाची स्टेज आहे, तिथे गाड्या टेकाडांवरून अक्षरशः उडतात. टेकाडापलीकडचा रस्ता डावीकडे वळतो की उजवीकडे हे चाकं जमिनीवर टेकायच्या आत ठरलेलं असावं लागतं, कारण गाडी हवेत जाण्याआधीच तिचं तोंड वळवावं लागतं. पलीकडचं दिसत कुणालाच नसतं. वहीत असतं तेवढंच.

माँटे कार्लोला तर आणखी एक पदर आहे. आल्प्समध्ये, जानेवारीत, एकाच स्टेजवर खाली कोरडा डांबरी रस्ता आणि वर कोल द तुरिनीला बर्फ. रेकीच्या दिवशी कोरडा दिसलेला पट्टा शर्यतीच्या पहाटे काचेसारखा झालेला असतो. म्हणून प्रत्येक मोठ्या जोडीची आणखी एक जोडी असते. ती शर्यतीआधी तासदोन तास तिथून गाडी नेते, कुठे बर्फ आहे, कुठे नुसती ओल आहे हे टिपून कळवते, आणि को-ड्रायव्हर ते आपल्या वहीत चढवतो. बहुतेक वेळा हे काम जुने जाणते रॅलीवालेच करतात. टायर कुठले घ्यायचे हेही त्या माहितीवरच ठरतं.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. १९८१ चं विश्वविजेतेपद. फिनलंडचा आरी वातानेन, फोर्ड एस्कॉर्टमध्ये, कारखान्याच्या अधिकृत संघाशिवाय, जगज्जेता झाला. दुसरा आला फ्रान्सचा गी फ्रेक्लाँ, टॅलबोमधून. फैसला शेवटच्या, म्हणजे ब्रिटनच्या आरएसी रॅलीपर्यंत ताणला गेला होता. आता शेजारच्या सीटवर कोण होतं ते बघा. वातानेनच्या शेजारी डेव्हिड रिचर्ड्स. फ्रेक्लाँच्या शेजारी जाँ तोद.

रिचर्ड्सने पुढे प्रोड्राइव्ह कंपनी काढली. सुबारूच्या निळ्यापिवळ्या गाड्या ती चालवायची. त्या गाड्यांतून कॉलिन मॅक्रे १९९५ मध्ये, रिचर्ड बर्न्स २००१ मध्ये आणि पेटर सोल्बर्ग २००३ मध्ये जगज्जेते झाले. तोदने प्यूजोचा रॅली संघ उभा केला आणि १९८५ ला टिमो सालोनेन, १९८६ ला युहा कान्कुनेन असे लागोपाठ दोन विजेते दिले. नंतर तो फेरारीत गेला, शूमाकरचा काळ सगळ्यांना माहीत आहेच, आणि २००९ पासून १२ वर्षं एफआयएचा, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेचा, अध्यक्ष होता. हरलेल्या फ्रेक्लाँने सित्रोएनच्या स्पर्धा विभागाची धुरा घेतली आणि अल्सासच्या एका तरुणाला मोठ्या संघात आणलं. तो तरुण म्हणजे लोब!

एका मोसमातल्या दोन गाड्या, चार माणसं. त्यांनी पुढची पंचवीस वर्षं रॅली चालवली. आणि त्यातले दोघं वही वाचणारे होते.

माझं म्हणणं सरळ आहे. रॅलीतलं विजेतेपद जोडीचं असतं आणि आपण ते जोडीचं म्हणूनच मोजावं. एफआयए को-ड्रायव्हरलाही वेगळं विश्वविजेतेपद देते, मग बोलताना आपण ते का गाळतो?

---

गिअर_पाचवा

धागा आवडला. १९८१ ची साखळी इतकी नीट जोडलेली मी कुठे वाचली नव्हती. पण निष्कर्षाशी असहमत.

लोबने २०२२ ची माँटे कार्लो जिंकली ती ४७ व्या वर्षी, इझाबेल गाल्मीशबरोबर. बाई शाळेत गणित शिकवायच्या. एलेना नव्हता, तरी लोब जिंकलाच. ओजिएने इंग्रासिया निवृत्त झाल्यावर लांदेबरोबर विजेतेपद घेतलं. १९९३ मध्ये अर्जेंटिनाच्या रॅलीच्या तोंडावर कान्कुनेनचा को-ड्रायव्हर युहा पीरोनेन मेंदूतल्या रक्तस्रावाने आजारी पडला, ऐन वेळी निकी ग्रिस्ट शेजारी बसला, आणि कान्कुनेनने ती रॅलीही जिंकली आणि वर्षही. शेजारचा माणूस बदलला, विजेता तोच राहिला. याचा अर्थ काय?

को-ड्रायव्हर महत्त्वाचा आहे हे कबूल. पण ओल्या पानांवर मागची चाकं घसरायला लागली की डाव्या पायाने ब्रेक किती दाबायचा हे वहीत लिहिलेलं नसतं. मॅक्रे ज्या गाड्या खड्ड्यातून वर काढायचा त्या नोट्सनी काढल्या नाहीत. नोट्सही मुळात ड्रायव्हरच्याच असतात. वळण पाचचं की चारचं हे तोच ठरवतो, को-ड्रायव्हर लिहितो आणि परत वाचतो.

---

सह्यवळण

गिअर_पाचवा, मुद्दे बिनतोड आहेत, पण ग्रिस्टचं उदाहरण मी नेमकं उलट वाचतो. ऐन वेळी बसलेला माणूस पहिल्याच रॅलीत जिंकून देतो म्हणजे ग्रिस्ट काय दर्जाचा होता बघा. पुढे तोच मॅक्रेच्या शेजारी बसला. टिमो सालोनेनच्या १९८५ च्या विजेतेपदात को-ड्रायव्हर होता सेप्पो हार्यान्ने. तोच हार्यान्ने १९९६ आणि १९९७ ला टोमी माकिनेनच्या गाडीत. म्हणजे ड्रायव्हर बदलला, को-ड्रायव्हर तोच, आणि पुन्हा विजेतेपद. तुमचं तर्कशास्त्र दोन्ही बाजूंनी चालतं.

आणि थिएरी न्यूव्हिल. २०१३, २०१६, २०१७, २०१८, २०१९. पाच वेळा दुसरा! २०२१ च्या माँटे कार्लोला काही दिवस उरलेले असताना त्याची आणि निकोला जिल्सूलची जोडी फुटली. मार्टाइन व्हिदाखे नावाचा तरुण आला. त्याची मातृभाषा डच, न्यूव्हिलच्या नोट्स फ्रेंच. दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या पद्धतीने, त्या वेगात वाचायचं. त्या माँटे कार्लोत ते तिसरे आले आणि २०२४ ला दोघं जगज्जेते झाले. बेल्जियमचं ते पहिलं विजेतेपद. हे एकट्या न्यूव्हिलचं म्हणायला माझं मन होत नाही.

---

अनुजा_ठाणे

पहिल्यांदाच रॅलीबद्दल काही वाचतेय आणि शेवटपर्यंत वाचलं, दोघांचेही आभार. एक प्रश्न. वळणं वाचणं सोडून को-ड्रायव्हरचं आणखी काय काम असतं?

---

मधुरा_नाशिक

अनुजाताई, याचं उत्तर मी देते, कारण मी स्वतः त्या सीटवर बसले आहे. जागतिक रॅलीत अर्थातच नाही, आपल्याकडच्या टीएसडी रॅलीत. टाइम-स्पीड-डिस्टन्स. मुंबईच्या महिला रॅलीही याच प्रकारच्या असतात. यात वेगाने जायचं नसतं, आयोजकांनी दिलेल्या सरासरी वेगाने अचूक जायचं असतं. लवकर पोचलात तरी दंड, उशिरा पोचलात तरी दंड. आणि कंट्रोल, म्हणजे वेळ नोंदवणारं ठाणं, कुठे लपवलाय ते सांगत नाहीत.

हातात रोड बुक येतं. त्यात ट्यूलिप असतात, म्हणजे प्रत्येक तिठ्याचं-चौकाचं छोटं रेखाचित्र. खाली गोल ठिपका, तिथून तुम्ही येताय, आणि बाण, तिकडे जायचं. शेजारी किलोमीटर, दशांशात. सुरुवातीला ठरावीक अंतर चालवून आपलं मीटर आणि आयोजकांचं मीटर यातला फरक काढावा लागतो, कारण टायरमधली हवा कमीजास्त असली तरी आकडे हलतात. तो गुणक मनात ठेवून पुढचं सगळं गणित. त्र्यंबक रस्त्याच्या आतल्या गावांतून जाताना पुढे बैलगाडी आली की वीस सेकंद गेले, ते पुढच्या तीन किलोमीटरमध्ये किती वेगाने भरून काढायचे हे नॅव्हिगेटरने सांगायचं. मान खाली, पोटात ढवळतंय, पेन खाली पडलंय आणि चालवणारी विचारतेय "आता किती?". मला उलटी न होता वाचायला शिकायलाच बराच काळ गेला. खाली बघत वाचायचं आणि अंगाला लागणाऱ्या हिसक्यांवरून आपण वहीत कुठे आहोत ते ओळखायचं, हे मोठे को-ड्रायव्हर कसं करतात याची कल्पना तेव्हा आली.

जागतिक रॅलीत टाइम कार्डही तोच सांभाळतो. स्टेजच्या आधी, सर्व्हिस पार्कमध्ये (गाडी दुरुस्तीच्या तळावर) शिरताना, बाहेर पडताना, सगळीकडे टाइम कंट्रोल असतात आणि ठरलेल्या मिनिटाला कार्ड द्यावं लागतं. एक मिनिट उशीर झाला तर १० सेकंद दंड. एक मिनिट लवकर गेलात तर मात्र पूर्ण एक मिनिट! लवकर जाण्याची शिक्षा जास्त, हे नवख्यांना पटत नाही. शिवाय पंक्चर झालं तर चाक बदलायला तोही उतरतो, आणि स्टेजमध्ये गाडी बंद पडली तर मागून येणाऱ्यांना इशारा द्यायला धावत मागे जाणारा बहुतेक वेळा तोच असतो.

---

नैरोबीकर

लवकर पोचायच्या दंडावरून केनियातल्या सफारी रॅलीची आठवण निघालीच पाहिजे. मी इथे नोकरीनिमित्त बरीच वर्षं आहे आणि इथल्या भारतीय घरांत रॅलीचा विषय निघाला की दोन नावं येतातच : जोगिंदर सिंग आणि शेखर मेहता.

जागतिक विजेतेपदाच्या यादीत दोघंही नाहीत. पण सफारी ही त्या काळी वेगळीच चीज होती. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त सुरू झाली, ईस्टरला व्हायची, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. एकेका वर्षी अंतर ५,००० किलोमीटरच्या घरात. बंद केलेल्या स्टेज नव्हत्याच. चालू रस्त्यावर, बसगाड्या, गुरं, जिराफ यांच्यातून, एका कंट्रोलपासून दुसऱ्या कंट्रोलपर्यंत दिलेल्या वेळेत पोचायचं. काळी माती भिजली की गाडी पोटापर्यंत आत. युरोपातले मोठमोठे संघ कारखान्याच्या गाड्या घेऊन यायचे आणि इथले स्थानिक त्यांना हरवायचे.

जोगिंदर सिंग यांचा जन्म केनियातल्या केरिचोचा. १९६५ ला भाऊ जसवंतला शेजारी बसवून व्होल्वोतून सफारी जिंकली. मग १९७४ आणि १९७६ ला मित्सुबिशीच्या छोट्या लॅन्सरमधून, दोन्ही वेळा को-ड्रायव्हर डेव्हिड डॉइग. १९७४ ला दुसरा आला तो ब्यॉर्न वाल्डेगॉर्ड, पोर्शेमधून. हाच वाल्डेगॉर्ड १९७९ ला ड्रायव्हरांचा पहिला अधिकृत जगज्जेता झाला. लोक जोगिंदरना "सिंबा" म्हणायचे, सिंह. २०१३ मध्ये लंडनला वारले.

शेखर मेहता युगांडातल्या गुजराती घरातले. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं आणि ते केनियात आले. दुसऱ्याच वर्षी, १९७३ ला, त्यांनी सफारी जिंकली. ती कशी, तर स्वीडनच्या हॅरी शेलस्ट्रोमचे आणि त्यांचे दंडाचे गुण अगदी सारखे झाले. मग नियम असा लावला की सुरुवातीपासून जो बिनदंडाचा जास्त लांब गेला तो विजेता. दोघंही डॅटसनमध्येच. आणि मग १९७९, १९८०, १९८१, १९८२ सलग चार, माइक डाउटीबरोबर. एकूण पाच. सफारीत याहून जास्त वेळा दुसरं कोणी जिंकलेलं नाही. १९८१ ला, म्हणजे सह्यवळण यांच्या त्याच वर्षी, जागतिक क्रमवारीत मेहता पाचवे होते. मेहतांची पत्नी इव्हॉन हीसुद्धा अनेक रॅलींत त्यांची को-ड्रायव्हर होती, हे तुमच्या धाग्यासाठी मुद्दाम सांगतो. नंतर ते एफआयएच्या रॅली आयोगाचे प्रमुख झाले. २००६ मध्ये वारले.

सफारी २००२ नंतर जागतिक मालिकेतून गेली आणि २०२१ ला नैवाशात परत आली. आता बंद स्टेज, छोटं अंतर, पण पिठासारखी मऊ माती तीच. पुढची गाडी गेली की पाच मिनिटं समोरचं काही दिसत नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळातले जुने लोक अजून विचारतात, "या वेळी सफारीत आपला कोणी आहे का?" आपला म्हणजे केनियातला भारतीय.

---

गिअर_पाचवा

नैरोबीकर, फार मोलाचा प्रतिसाद. शेखर मेहतांच्या पाच सफारी माहीत होत्या, बरोबरीची कथा नव्हती.

आपल्याकडची भर : हिमालयन रॅली १९८० मध्ये सुरू केली ती मुंबईच्या नझीर हुसेन यांनी. परदेशी रॅलीवाले इथे येऊन चालवत होते यावर आजची मुलं विश्वास ठेवत नाहीत. आणि दिल्लीचा गौरव गिल तीनदा आशिया-पॅसिफिक विजेता झाला, २०१३, २०१६, २०१७. २०१९ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिला. त्याच्या शेजारी अनेक रॅलींत कासरगोडचा मुसा शरीफ असायचा. (हो, को-ड्रायव्हरचं नाव घेतलं. मत बदललेलं नाही.)

---

अनुजा_ठाणे

आणखी एक विचारू का? जगज्जेत्यांच्या यादीत बाई एकही नाही?

---

मधुरा_नाशिक

नाही. पण १९८२ ला होता होता राहिली, आणि ते वर्ष वाचताना मला दर वेळी त्रास होतो.

मिशेल मूतों, फ्रान्सची, ऑडी क्वाट्रोमध्ये. शेजारी इटलीची फाब्रित्सिया पोन्स. या दोघींनी १९८१ ला सान रेमो जिंकली, जागतिक रॅली जिंकणारी मूतों पहिली बाई. पुढच्या वर्षी पोर्तुगाल, ग्रीसची अक्रोपोलिस आणि ब्राझील अशा तीन रॅली जिंकल्या. ग्रीसच्या दगडांवर ऑडीसारख्या नव्या तंत्राच्या गाड्या तुटून पडायच्या, तिथे त्या जिंकल्या. लढत होती जर्मनीच्या वाल्टर रोर्लशी. तो ओपेल आस्कोनात, फक्त मागच्या चाकांवर चालणारी गाडी, पण माणूस पक्का, १९८० चा जगज्जेता.

मग आयव्हरी कोस्टची रॅली. सुरू होण्याच्या थोडं आधी मूतोंचे वडील कर्करोगाने गेले. तिने चालवायचं ठरवलं, वडिलांचीच तशी इच्छा होती. मोठी आघाडी घेतली. नंतर गिअरबॉक्सने दगा दिला, आघाडी वितळली, आणि शेवटी धुक्यात गाडी रस्ता सोडून गेली. रोर्ल जिंकला आणि जगज्जेताही झाला. मूतों दुसरी. जागतिक क्रमवारीत बाई याहून वर आजवर गेलेली नाही.

ती गाडीत काय मनःस्थितीत बसली असेल ते मी वाचलेल्या मजकुरात सगळीकडे येतं. पोन्सचं येत नाही. आपल्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीचे वडील नुकतेच गेलेत हे माहीत असताना, त्याच स्वरात, त्याच लयीत हजारो वळणं वाचत राहायचं. नॅव्हिगेटरचा आवाज हलला की ड्रायव्हरचा पाय हलतो, हे मी छोट्या रॅलीतही अनुभवलं आहे. पोन्सने पुढे १९९७ ला पिएरो लिआत्तीबरोबर माँटे कार्लो जिंकली. त्यानंतर को-ड्रायव्हर म्हणून जागतिक रॅली जिंकणारी पुढची बाई म्हणजे वर उल्लेख आलेल्या गणिताच्या शिक्षिका गाल्मीश, २०२२ मध्ये. मध्ये २५ वर्षं गेली.

---

नैरोबीकर

मधुराताई, +१. आवाजाचा मुद्दा अगदी खरा.

---

जुना_एस्कॉर्ट

उशिरा आलो, पण १९९८ शिवाय हा धागा अपुरा आहे.

ब्रिटनची रॅली, मोसमातली शेवटची. कार्लोस साइंझ आणि लुइस मोया, दोनदाचे जगज्जेते, टोयोटा कोरोलात. विजेतेपदासाठी त्यांच्याशी लढणारा माकिनेन पहिल्याच दिवशी रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून घसरला, चाक तुटलं, स्पर्धेबाहेर. साइंझला चौथा क्रमांक पुरेसा होता आणि तो चौथाच चालला होता. शेवटच्या स्टेजच्या शेवटच्या काहीशे मीटरवर टोयोटाचं इंजिन गेलं. शेवटची रेषा समोर, आणि गाडी जागची हलेना. मोया ओरडत होता, कार्लोस, चालू करून बघ! स्पेनमध्ये ते वाक्य आजही लोकांच्या तोंडी आहे. मग उतरून मोयाने हेल्मेट गाडीच्या मागच्या काचेवर फेकून मारलं. माकिनेन घरी जायच्या तयारीत होता, त्याला कळलं की तोच जगज्जेता.

साइंझ शांत उभा होता. राग, दुःख जे काही जगाला दिसलं ते मोयाच्या अंगातून दिसलं. ते विजेतेपद गेलं तेव्हा दोघांचंही गेलं, हे ज्याने ते चित्र पाहिलंय त्याला समजवावं लागत नाही.

आणि दुसरं, जरा जड. १९८६ च्या कोर्सिका रॅलीत २ मे ला आघाडीवर असलेली लान्चिया दरीत गेली आणि पेटली. त्यानंतर ग्रुप बी, म्हणजे त्या काळच्या सगळ्यात ताकदवान वर्गातल्या, गाड्या बंद झाल्या, इतिहास बदलला. त्या अपघाताला सगळे "टोइव्होनेनचा अपघात" म्हणतात. हेन्री टोइव्होनेन होताच, पण शेजारी सेर्जिओ क्रेस्तोही होता.

२००५ ला ब्रिटनच्या रॅलीत एस्टोनियाच्या मार्को मार्टिनची प्यूजो झाडावर आदळली. मार्टिन वाचला, को-ड्रायव्हर मायकल पार्क गेला. सगळे त्याला बीफ म्हणायचे. उरलेल्या स्टेज रद्द केल्या. लोब आघाडीवर होता, रॅली जिंकली असती तर त्याच दिवशी त्याचं दुसरं विश्वविजेतेपद नक्की होत होतं. लोब आणि एलेनाने मुद्दाम टाइम कंट्रोलवर वेळेचा दंड ओढवून घेतला आणि तिसरे आले. त्या दिवशी जगज्जेते व्हायचं नाही म्हणून. विजेतेपद त्यांनी पुढच्या, जपानच्या रॅलीत घेतलं. सोल्बर्ग पहिला आला, पण त्यालाही तो विजय नको होता.

मार्टिन पूर्णवेळ रॅलीत परतला नाही. पण ज्या एस्टोनियन पोराला त्याने हाताशी धरलं तो ओट तानाक. २०१५ ला मेक्सिकोत तानाकची गाडी तळ्यात बुडाली, तो आणि राइगो मोल्डर पोहून बाहेर आले, गाडी वर काढून संघाने ती पुन्हा चालू केली आणि दोघांनी रॅली पुढे चालवली. २०१९ ला मार्टिन यार्वेओयाबरोबर तानाक जगज्जेता झाला. त्याआधी सलग १५ वर्षं विजेत्याचं नाव सेबास्तियाँच होतं.

---

सह्यवळण

जुना_एस्कॉर्ट, २००५ चा प्रसंग मी मूळ लेखात घेणार होतो, पण तुम्ही लिहिलाय तसा मला जमला नसता. दंडाचे नियम मधुराताईंनी वर समजावलेत, त्यामुळे त्या कृतीचं वजन आता सगळ्यांना कळेल.

---

गिअर_पाचवा

माझं मत : ड्रायव्हर तो ड्रायव्हर. जगातला सर्वोत्तम को-ड्रायव्हर माझ्या शेजारी बसवा, मी ओउनिनपोह्याच्या पहिल्या टेकाडावर झाडात असेन. कॅले रोवानपेरा २२ वर्षं आणि एक दिवसाचा असताना न्यूझीलंडमध्ये जगज्जेता झाला, त्याआधीचा सगळ्यात तरुण विजेता मॅक्रे २७ चा होता. हा पाच वर्षांचा फरक योन्ने हाल्टुनेनने वाचून पाडलेला नाही.

पण पार्क आणि क्रेस्तो यांच्याबद्दल वाचल्यावर एक मान्य करतो. धोका दोघांचा सारखा असेल तर यादीतही दोघांचं नाव हवं. माझ्याकडे एका वहीत जगज्जेत्यांची यादी आहे, त्यात शेजारचा रकाना भरायला घेतला आहे. खालून वर : २०२५ ओजिए–लांदे. २०२४ न्यूव्हिल–व्हिदाखे. २०२३ आणि २०२२ रोवानपेरा–हाल्टुनेन. २०२१ आणि २०२० ओजिए–इंग्रासिया. २०१९ तानाक–यार्वेओया. २०१८ ते २०१३ पुन्हा ओजिए–इंग्रासिया, २०१२ ते २००४ लोब–एलेना, २००३ सोल्बर्ग आणि वेल्सचा फिल मिल्स, २००२ मार्कस ग्रोनहोम आणि त्याचा मेहुणा टिमो राउटियाइनेन, २००१ बर्न्स–रॉबर्ट रीड, २००० परत ग्रोनहोम–राउटियाइनेन.

१९९० च्या आधीचं कोणी भरून देईल का? वाल्डेगॉर्डच्या शेजारी १९७९ ला हान्स थॉर्झेलियस होता, एवढं मी लिहून ठेवलं आहे.

---

जुना_एस्कॉर्ट

१९८० आणि १९८२ रोर्ल–क्रिस्टियान गाइस्टडोर्फर. १९८३ हान्नू मिकोला–आर्ने हर्ट्झ. १९८४ स्टिग ब्लोमक्विस्ट–ब्यॉर्न सेडरबर्ग. १९८८, १९८९ मिकी बियाझिऑन–तित्सियानो सिव्हिएरो. १९८१, १९८५ वर आलेच आहेत. १९८६ आणि १९८७ ला कान्कुनेनबरोबर पीरोनेनच.